शेवटच्या औषधाचा प्रश्न

ज्या विषयाचा उच्चार घरात अशुभ मानला जातो, त्या विषयावर ह्या महिन्यात लिहिण्याचे मी योजिले आहे. वाचकवर्गातील कित्येक जण हे पान न वाचताच उलटतील, याची मला कल्पना आहे. त्यांना विनंती एवढीच, की आधी एक घरगुती हकीकत ऐकून घ्यावी आणि मग पान उलटावयाचे की काय, ते ठरवावे.

हकीकत माझ्याच घरची आहे. माझे वडील बंधू मजहून पंधरा वर्षांनी मोठे. आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू. २०२२ सालच्या श्रावणात, वयाच्या ८१व्या वर्षी, पहाटे न्हाणीघराच्या दारात ते कोसळले. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. भर पावसात अंबा घाट ओलांडून त्यांना कोल्हापुरास नेले व तेथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ठेवले. श्वासासाठी एक नळी, अन्नासाठी दुसरी, लघवीसाठी तिसरी, असे ते यंत्राच्या श्वासावर सतरा दिवस होते. पाचव्या दिवशी तेथील डॉक्टरांनी आम्हां सर्वांना एका खोलीत बसवून शांतपणे सांगितले, की मेंदूची हानी भरून येणारी नाही आणि शुद्धीवर येण्याची आशा उरलेली नाही. नंतर त्यांनी एकच प्रश्न विचारला : “त्यांची स्वतःची इच्छा काय होती?”

त्या खोलीत आम्ही सहा पुरुष होतो. सहांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही.

पुण्यास असणारा थोरला पुतण्या म्हणाला, “काहीही कमी पडू देऊ नका, पैशाकडे पाहू नका.” परदेशातील मधल्याने दूरध्वनीवरून सांगितले, की हा निव्वळ छळ आहे, तो थांबवा. घरची आंब्याची बाग पाहणारा धाकटा काहीच बोलला नाही. त्याने दोनच दिवसांपूर्वी ती बाग पुढील दोन हंगामांसाठी कराराने देऊन आगाऊ रक्कम उचलली होती. मी वडीलकीच्या नात्याने “थोरल्याचे ऐका” एवढे बोलून मोकळा झालो. सतराव्या दिवशी दादा गेले. तेराव्याच्या पंक्तीत थोरला व मधला एकमेकांकडे पाठ करून बसले. एकाच्या मते दुसरा पैशापायी बापाचा जीव घेऊ पाहत होता, दुसऱ्याच्या मते पहिल्याने लौकिकापायी बापाचे हाल केले. तो अबोला अद्याप पुरता सुटलेला नाही.

पाहुणे गेल्यावर धाकटी सून ओटीवर आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “काका, मामंजी मला एकदा म्हणाले होते. रात्रीची गोळी द्यायला गेले होते तेव्हा. म्हणाले, मला यंत्रावर ठेवू नका. माझा काळ येईल तेव्हा इथेच निजवा आणि तोंडात पाणी घाला.”

“मग तू त्या वेळी बोलली का नाहीस?” मी विचारले.

ती म्हणाली, “मला कोणी विचारलं?”

दादांचे पथ्यपाणी, औषधाच्या वेळा, रात्रीचे उठणे-बसणे, हे सारे नऊ वर्षे जिने सांभाळले, तिला त्या खोलीत आम्ही बोलावलेही नव्हते. परंतु दोष केवळ तेवढाच नव्हे. मे २०१५ मध्ये वर्तमानपत्रातील एक बातमी वाचून दादांनी हाच विषय माझ्यापुढे काढला होता. “अरे, माझी जर अशी अवस्था झाली...” एवढे शब्द त्यांच्या तोंडून निघतात तोच मी त्यांना अडविले. “शुभ बोलावे,” असे म्हणून मी विषय बदलला. त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग मी ऐकून घेतला असता, तर सात वर्षांनी डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले असते.

ती बातमी अरुणा शानभाग यांच्या मृत्यूची होती. मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि वयाच्या पंचविशीतील ती तरुणी कायमची शय्याधीन झाली. बोलणे नाही, ओळख नाही, हालचालीवर ताबा नाही. पुढे जवळजवळ साडेएकेचाळीस वर्षे, म्हणजे १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत, त्याच रुग्णालयात परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरविले, न्हाऊ घातले, कुशीवर वळविले. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिले नाही. शुश्रूषा हा शब्द आपण सहज वापरतो. त्याचा खरा अर्थ समजावयाचा असेल, तर ह्या गोष्टीचा विचार करावा.

त्यांच्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की हे जीवन नव्हे, बळेच दिले जाणारे अन्न थांबवून अरुणाताईंना शांतपणे जाऊ द्यावे. परिचारिकांनी ह्यास ठाम विरोध केला. आमच्या हातून तिला अन्न मिळणे बंद होणार नाही, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने तीन डॉक्टरांकडून तपासणी करविली आणि ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. विराणी यांचा अर्ज फेटाळला गेला. कारण, जिने इतकी वर्षे सेवा केली ती रुग्णालयातील मंडळीच अरुणाताईंच्या वतीने बोलण्यास अधिकारी, असे न्यायालयाने ठरविले. परंतु त्याच निकालाने एक नवे दारही उघडले. आशा न उरलेल्या रुग्णाचे जीव लांबविणारे उपचार, उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन, थांबविता येतील, असे तत्त्व त्यात मान्य झाले.

ह्या वादात विराणीही निर्दय नव्हत्या आणि परिचारिकाही हट्टी नव्हत्या. दोन्ही पक्षांना अरुणाताईंविषयी ममता होती. तरीही निर्णय अवघड झाला, कारण अरुणाताईंचे स्वतःचे मत कोणालाच ठाऊक नव्हते. पंचवीस वर्षांच्या मुलीने ते कधी सांगावे आणि कोणाला सांगावे? त्यांच्या बाबतीत तो दोष कोणाचाच नाही. दादांच्या बाबतीत मात्र तो आमचा होता.

आता शास्त्राकडे वळू. आपल्याकडे अशी एक समजूत आहे, की उपचार नाकारणे म्हणजे आत्मघात, आणि मुलांनी ते थांबविणे म्हणजे पितृहत्या. ही समजूत आपल्या ग्रंथांवर आधारलेली आहे, असेही कित्येकांना वाटते. वस्तुतः चरकसंहितेने रोगांचे साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व असाध्य असे भेद केले आणि असाध्य रोगावर चिकित्सा करीत राहणाऱ्या वैद्यास धन, विद्या व यश यांची हानी सोसावी लागते, असा इशारा दिला. मर्यादा ओळखणे हा वैद्यकाचाच भाग होय, हे आयुर्वेदाने फार पूर्वी जाणले होते. त्याच संहितेत वैद्यास असाही उपदेश आहे, की रुग्णाचे आयुष्य सरत आल्याचे कळले, तरी ज्या ठिकाणी ते सांगितल्याने त्यास किंवा त्याच्या माणसांस आघात होईल, तेथे सांगू नये. आपल्या घराघरांतील मौनाचे मूळ काही अंशी ह्या उपदेशात असेल. परंतु हा नियम आयुष्याच्या टोकाशी आलेल्या रुग्णापुरता आहे. धडधाकट माणसाने पडवीत बसून आपल्या अखेरीविषयी बोलू नये, असे चरकाने कोठेही म्हटलेले नाही.

संस्कृत शिकविताना भीष्मपर्वातील एक प्रसंग मी अनेक वेळा सांगितला, पण त्याचा अर्थ मला दादांच्या मृत्यूनंतरच उमगला. भीष्म शरपंजरी पडल्यावर बाण काढण्यात निष्णात असे शल्यवैद्य आपली सर्व साधने घेऊन तेथे आले. भीष्मांनी दुर्योधनाला सांगितले, की ह्यांना द्रव्य देऊन, सत्कार करून परत पाठव. मला आता वैद्यांचे प्रयोजन नाही. त्यांनी वैद्यांचा अपमान केला नाही आणि वैद्यकाची निंदाही केली नाही. आपल्या स्थितीत त्या विद्येचे काम संपले, एवढेच त्यांनी जाणले. परंतु ह्याच प्रसंगात त्यांनी दोन गोष्टी मागून घेतल्या. लोंबणाऱ्या मस्तकाला उशी मागितली, आणि तहान लागली तेव्हा पाणी मागितले. राजांनी आणलेल्या मऊ उश्या व घडे त्यांनी नाकारले. त्यांना काय हवे होते ते अर्जुनाने ओळखले, तीन बाणांची उशी दिली आणि भूमीतून पाणी काढून दिले. उपचार थांबविणे निराळे आणि सेवा थांबविणे निराळे, हा भेद इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच आढळेल.

आधुनिक काळातही अशी उदाहरणे आपल्या प्रांतात झाली. ज्या रत्नागिरीत १९२४ ते १९३७ पर्यंत स्वातंत्र्यवीर सावरकर स्थानबद्धतेत होते, तेथील जुन्या मंडळींना त्यांच्या अखेरीची हकीकत ठाऊक असते. १९६६च्या फेब्रुवारीत, वयाच्या ८२व्या वर्षी, त्यांनी अन्न व औषध सोडले आणि २६ फेब्रुवारीस देह ठेवला. “आत्महत्या आणि आत्मार्पण” ह्या लेखात ह्या दोहोंतील भेद त्यांनी आधीच मांडून ठेवला होता. १९८२च्या नोव्हेंबरात पवनार येथे विनोबांनी हृदयविकाराच्या आघातानंतर अन्नौषध नाकारले व १५ तारखेस ते गेले. ह्या दोघांची मते परस्परांपासून किती दूर होती, हे सांगावयास नको. अखेरीच्या बाबतीत मात्र दोघांचे वर्तन सारखे झाले.

परंतु भीष्म, सावरकर व विनोबा ह्या तिघांनाही अखेरपर्यंत स्वतः बोलता आले, हे विसरून चालणार नाही. आपल्यासारख्या सामान्यांची गोष्ट निराळी आहे. कृत्रिम श्वासाच्या उपचाराला मोठे वळण मिळाले ते १९५२ साली कोपनहेगन येथील पोलिओच्या साथीत. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या घशात नळी घालून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने, रात्रंदिवस, हाताने हवा भरली आणि कित्येकांचे प्राण वाचविले. म्हणजे हा उपाय मुळात बरे होणाऱ्याला संकटातून पार नेण्यासाठी होता. होडी खाडी ओलांडण्यासाठी असते. पलीकडे धक्काच नसेल, तर माणसाला मध्यावर तरंगत ठेवणे हे तिचे काम नव्हे. आणि ज्याला होडीत घातले आहे त्याला तर त्या वेळी तोंड उघडून काही सांगता येत नाही.

ह्यासाठी जे सांगावयाचे ते आधी लिहून ठेवावे, ही सोय कायद्याने केली आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ठरविले, की सन्मानाने मरण येऊ देणे हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि प्रौढ व सुबुद्ध माणूस आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आगाऊ इच्छापत्र करू शकतो. वर्तमानपत्रे त्यास लिव्हिंग विल म्हणतात. मी वैद्यकीय इच्छापत्र म्हणतो. प्रथम त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही आवश्यक होती आणि एकंदर रीत इतकी आडवळणाची होती, की फारसे कोणी त्या वाटेस गेले नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुलभ केली. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी ह्या व्यवस्थेच्या अंमलबजावणीसाठी उच्च न्यायालयात याचिका केली, आणि इच्छापत्रे जपून ठेवणारे अधिकारी स्थानिक संस्थांतून नेमले जाऊ लागले.

आजची रीत थोडक्यात अशी आहे. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत, हे स्पष्ट शब्दांत लिहावे. आपण बोलू शकलो नाही, तर आपल्या वतीने कोणी बोलावे त्यांची नावे द्यावीत. एकापेक्षा अधिक नावे चालतात. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करावे. एक प्रत नाव दिलेल्या माणसांस, एक घरच्या डॉक्टरांस व एक नगरपालिका अथवा ग्रामपंचायत यांच्या अधिकाऱ्याकडे द्यावी. मत बदलले, तर ते केव्हाही लेखी रद्द करता येते. प्रत्यक्ष वेळ येते तेव्हाही इच्छापत्र दाखविताच यंत्र काढले जात नाही. रुग्णालयातील डॉक्टरांचे एक मंडळ व त्यानंतर, जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर ज्यात असतो असे दुसरे मंडळ, ह्या दोहोंनी स्वतंत्रपणे सुधारणेची आशा नाही असे ठरवावे लागते. शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत द्यावे, असे न्यायालयाने सांगितले आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांस कळवावे लागते. इच्छापत्र नसेल तेव्हा घरच्यांच्या संमतीने हाच मार्ग आहे. विष टोचून मरण देणे मात्र आपल्या देशात गुन्हाच आहे. नेदरलँड्स व बेल्जियम ह्या देशांनी २००२ साली डॉक्टरांच्या हातून मरण देण्यास कायद्याने मुभा दिली, पण तो विषय निराळा आहे आणि त्याची व ह्याची गल्लत करू नये.

ह्यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा, की वैद्यकाचे भाकीत चुकते. अमेरिकेतील कॅरन क्विनलन ह्या बेशुद्ध तरुणीचे श्वासयंत्र न्यायालयाच्या अनुज्ञेने १९७६ साली काढले, आणि सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध ती स्वतःच्या श्वासावर १९८५ पर्यंत जगली. शुद्धीवर मात्र ती आली नाही. म्हणून घाई कधीच करू नये, दोन मंडळांची अट जाच वाटली तरी मान्य करावी, आणि उपचार काही दिवस करून पाहून मग निर्णय घ्यावा, असे डॉक्टर म्हणत असतील तर ते ऐकावे. दुसरा आक्षेप वारसांच्या लोभाचा. इस्टेटीसाठी बापाला मारावयास टपलेली मुले कथाकादंबऱ्यांतच असतात, असे मी म्हणणार नाही. परंतु लिहून ठेवल्याने लोभी वारसाचा हात बळकट होतो की दुबळा? इच्छा कागदावर असेल आणि तिची प्रत तिऱ्हाइताकडे असेल, तर वारसाला मनास येईल तसा अर्थ लावता येत नाही. आणि ज्याला अखेरपर्यंत सर्व उपचार हवेत, त्यालाही तसे लिहून ठेवता येते, हे लक्षात घ्यावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. घरातील म्हाताऱ्या माणसाला आपण भार झालो असे वाटू लागले, आणि त्या वाटण्यातून त्याने सही केली, तर ती त्याची इच्छा म्हणावी काय? कायदा ह्यास उत्तर देऊ शकत नाही. दोन साक्षीदारांना सही दिसते, तीमागचे मन दिसत नाही. ह्याचे उत्तर घराच्या रोजच्या वर्तनातच मिळावयाचे. ज्या घरात सासऱ्याच्या खोकल्याने कपाळाला आठ्या पडतात, त्या घरात हा कागद पुढे करणे पाप आहे. वृद्धाने आपण होऊन विषय काढावा व घरच्यांनी तो ऐकावा, हाच क्रम योग्य. उलट क्रम, म्हणजे मुलांनी कागद आणून बापापुढे ठेवणे, मला मान्य नाही.

आणि उशीची व पाण्याची आठवण शेवटपर्यंत असावी. ज्याचे यंत्र काढावयाचे, त्याची वेदना शमविणे, धाप कमी करणे, तोंड ओले ठेवणे, कूस बदलणे, हे सारे चालूच राहिले पाहिजे. ह्याचे आता स्वतंत्र शास्त्र झाले आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती आवेदना सदन हे कर्करोगाच्या अखेरच्या रुग्णांसाठी आश्रयस्थान सुरू झाले. केरळात तर गावोगावचे स्वयंसेवक घरोघर जाऊन अशी सेवा करतात. वेदनाशामक मॉर्फिन रुग्णांपर्यंत पोचणे सोपे व्हावे, म्हणून २०१४ साली कायदा बदलला. तथापि आपल्या जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवर अद्याप ही सेवा मुख्यतः घरच्या बायकांच्याच हातून होते. त्यांना ती डॉक्टरांनी नीट शिकवावी आणि पुरुषांनी तीत वाटेकरी व्हावे.

माझ्यापुरते म्हणावयाचे, तर गेल्या मार्गशीर्षात मी माझे इच्छापत्र लिहिले. दोन पाने झाली. सही करण्यापूर्वी घरातील सर्वांना ओटीवर बसविले, सुनांसह, आणि ते मोठ्याने वाचून दाखविले. सौ.च्या डोळ्यांत पाणी आले व ती मध्येच उठून आत गेली. परंतु थोड्या वेळाने परत येऊन तिने विचारले, “माझंही असं लिहून द्याल का?” माझ्या वतीने बोलावयास दोन नावे मी दिली आहेत. एक माझ्या मुलाचे. दुसरे दादांच्या धाकट्या सुनेचे. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, “काका, मी बोलेन. पण तुम्हीही मला आत बोलवायला सांगून ठेवा.”

तेही मी कागदावर लिहिले आहे.